हलका हात

फोन बाजूला ठेव आधी. फोटो बघून मी काही सांगत न्हाय — आणि हा काय फोटो हाय? ट्यूबलाइटखाली काढलेला, बापाची छाती अशी पांढरीफटक दिसतेय, जशी काय लग्नपत्रिकेवर छापायचीय. लाल किती, गरम किती, कातडी ताणलीय की सैल हाय, ते फोटोत दिसतं का? बोट लावल्याशिवाय कळत न्हाय ते, आणि बोट मी लावणार न्हाय. बस. त्या स्टुलावर बस म्हटलं ना. आणि सिस्टर सिस्टर करू नको, मी सिस्टर न्हाय, ड्रेसर हाय. छत्तीस वर्षं ह्या नर्सिंग होममध्ये लोकांच्या जखमा धुतेय, पट्ट्या बदलतेय. सिस्टर त्या, खाली काउंटरला बसून मोबाइल बघतायत त्या. हां, परत सांग आता. डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली, पेसमेकर बसवलाय. किती दिवस झाले? सोळा. मुंबईला बसवला. टाके सुकले, कातडी जुळली, आणि चार दिवसांपासून मशीनीवर लिंबाएवढी सूज आलीय — मऊ हाय, दाबलं की हलते. दाबलं की हलते हे कसं कळलं तुम्हाला? म्हणजे दाबून बघितलीत. आत्यानं दाबली, काकानं दाबली, मांडववाला आला होता माप घ्यायला, त्यानं पण दाबली असेल. आणि परवा हळद. तुझीच हळद, नवरदेव तू. आणि आता तू दोन जिने चढून आलास, की गोदूबाय, सिरिंज लावा नि तेवढं पाणी काढून टाका, म्हणजे बाबांना परवा जॅकेट नीट बसेल. बरोबर बोलले ना मी?

कोणी सांगितलं तुला, मी सुईनं पाणी काढते म्हणून? — राहू दे, नको सांगू. नाव कळून मला काय करायचंय, सांगणाऱ्याचं काय जातं. मी गळू कापते, टाके काढते, भाजलेलं धुते, लूमच्या पट्ट्यात बोट गेलं तर जेवढं उरलंय तेवढं बांधते. मशीनीवर सुई लावत न्हाय. तू कुठला म्हणालास? कशेळीचा. अस्सं. कशेळीचा पोरगा तू, पूल ओलांडला की ठाणं, तिथून सरळ मुंबई, जिथं मशीन बसवली तिथं एव्हाना पोचला असतास — ते सोडून तू पुलाकडे पाठ केलीस नि गोडाऊनच्या कंटेनरांमधून दीड तास बापाला खडखडवत भिवंडीत, धामणकर नाक्याला आणलंस, एका ड्रेसरबाईकडे. शाबास. बघ, दिसतेय तुझी रिक्षा खिडकीतून, तो सुताचा टेम्पो उभा हाय ना, त्याच्या मागे. बाप बसलाय छातीला हात धरून. जिने चढवत न्हाय त्याला, आणि परवा ह्याला नाचवायचं होतं तुम्हाला. कशेळीचे सगळे असेच असतात का? माझ्या भावजयीचं माहेर तिथलंच. जाऊ दे.

ऐक. आता एकदाच सांगते, तुझ्या टाळक्यात शिरलं तर शिरलं. माणसाच्या अंगात गळू झालं तर आपण ते फोडतो, पू काढतो, धुतो, भरून येतं. का भरून येतं? आजूबाजूला मांस असतं, मांसात रक्त असतं, रक्तातून औषध येतं. बरोबर? आता ती मशीन. ती डबी हाय, धातूची. तिच्यात रक्त हाय का? न्हाय. मग औषध तिच्यापर्यंत जाणार कसं, रिक्षानं? तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आतून कधी घासलीयस? शेवाळ धरतं ना, बुळबुळीत — वरचं पाणी शंभर वेळा बदल, ते भिंतीचं तसंच राहतं. तसा जंतू एकदा डबीला चिकटला की थर धरतो. गोळ्या खाल्ल्या की ताप उतरतो, लाली जाते, घरचे म्हणतात बरं झालं, आणि तो थर तिथंच बसून असतो. गोळ्या संपल्या की परत सुरू. मग एकच इलाज — डबी काढायची, हृदयापर्यंत गेलेल्या तारा ओढून काढायच्या, रक्तातला जंतू मरेपर्यंत माणूस हॉस्पिटलात ठेवायचा, आणि मग दुसऱ्या बाजूला नवीन मशीन. तारा ओढणं म्हणजे पतंगाचा मांजा गुंडाळणं न्हाय. आतून चिकटलेल्या असतात त्या. म्हणून डॉक्टर सांगतात की सुजलं तर हात लावू नका, बरेचदा आपलं आपण जिरतं, आम्हाला येऊन दाखवा. एवढं साधं सांगतात. आणि तेवढंच तुम्हाला जमत न्हाय.

कोणालाच जमत न्हाय म्हणा. सूज दिसली की ह्यांचे हात शिवशिवतात. मागच्या महिन्यात लूमवरचा एक आला, नडगीत रॉड घातलेला — घरी बसायचं सोडून आठव्या दिवशी ड्युटीवर, शेठ म्हणाला होता बसून शिफ्ट कर. पट्टी सोडली तर आत कापसाचा भुगा. जखमेत, रे, रॉडच्या वर, बारीक कापूस चिकटलेला. आणि मला म्हणतो, सिस्टर, आपका हाथ हल्का है, दबा के निकाल दो. म्हटलं बाबा, दाबून निघायला ती काय मुरुमाची पुळी हाय? आणि तो शेठ खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतोय. दुसरी एक बाई, गुडघा बदललेली, तिच्या सुनेनं चुना लावला, ठणक जिरावी म्हणून. चुना. दोन लाखांचा गुडघा नि वर दोन रुपयांचा चुना. आणि आमचे डॉक्टर काय कमी हायेत? पू तपासायला कल्चरला पाठवायचं तर ते पाच दिवसांनी येतं, तोवर पेशंट दुसरीकडे जाईल, म्हणून आधीच लिहून देतात, ही गोळी, ती गोळी, आणि मग जंतू कुठला ते कोणालाच कळत न्हाय. सगळे एकाच माळेचे मणी. मी कोणाला काय बोलू?

तोंड पाडू नको. हळद हळद काय करतोस? मला काय हळद म्हणजे काय ते ठाऊक न्हाय? मी कोन गावची, आगऱ्याचीच पोर. आमच्याकडे लग्नाला चार माणसं कमी आली तर चालतात, हळदीला न्हाय चालत. माहीत हाय मला. म्हणूनच सांगते. माझ्याच घरातलं सांगते — माझा धाकटा भाऊ रघू, त्याच्या मितेशचं लग्न होतं. सहा वर्षं झाली. असंच, अगदी असंच, लग्नाआधी तीन आठवडे रघूला चक्कर आली, पडला, मुंबईला नेला, पेसमेकर बसवला. घरी आला तर डबीवर सूज. ह्याच्यापेक्षा मोठी. तिथला पोरगा डॉक्टर म्हणाला होता, रक्त साठलंय, जिरेल, कोणाला सुई लावू देऊ नका. पण हळद चार दिवसांवर, आणि रघू वरबाप. त्यानं जॅकेट शिवलेलं, मोरपंखी, आणि ते घातलं की डावीकडे असा उंचवटा दिसायचा. आरशासमोर उभा राहून बघायचा नि जॅकेट ओढायचा. साठीला टेकलेला माणूस. तर एक कंपाउंडर होता आमच्या ओळखीतला, त्यानं काढलं सुईनं. झालं. पस्तीस सीसी काळपट रक्त निघालं, सूज बसली, रघू खूश, सगळे खूश. हळदीला नाचला पण, एक हात वर करून. आणि नाचून आला, पाटावर बसला, घामानं भिजलेला, जॅकेटची बटणं उघडी टाकलेली — आमच्याकडे पोराच्या मागोमाग आईबापालाही लावतात ना हळद, तसं कमळानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला गालाला लावली, गळ्याला लावली. ओली हळद. ती ओघळली खाली, त्या शिवणीवरून. सगळ्यांनी बघितलं. व्हिडिओत हाय.

हळदीनंतर सतराव्या दिवशी लाल झालं. त्या कंपाउंडरनंच कॅप्सूल आणून दिल्या, दोन आठवडे. उतरलं. मग परत चढलं, जास्त. परत कॅप्सूल. अडीच महिने हेच. कातडी पातळ होत गेली, चकचकीत, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि एका सकाळी रघू शर्ट घालताना म्हणाला, हे काय टोचतंय — तर तार बाहेर आली होती. तार, हृदयातली. संध्याकाळी थंडी भरून आली, दात वाजायला लागले. मुंबईला नेला. सव्वा महिना तिथं. मशीन काढली, तारा काढल्या, मानेतून तात्पुरती वायर घालून ठेवलेला, उठायचं न्हाय, वळायचं न्हाय. एकदा हृदय थांबलं पण. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कशानं झालं असेल, कोणी काही केलं का, तर घरच्यांनी सांगितलं, हळद लागली. जखमेला हळद लागली. — वाचला. हाय अजून. उजवीकडे नवीन मशीन घेऊन कोनच्या नाक्यावर बसतो पेपर वाचत.

तर असं हाय ते. कळलं? — काय?

काय म्हणालास? परत बोल.

तो कंपाउंडर कुठं बसतो?

अरे देवा. मी अर्धा तास काय सांगतेय आणि तू काय ऐकतोयस? पस्तीस सीसी निघालं नि बाप नाचला, एवढंच शिरलं डोक्यात. पुढचा सव्वा महिना हवेत गेला. वर म्हणतोस, आम्ही हळद त्या जागेला लागू देणार न्हाय, प्लॅस्टिक लावू. प्लॅस्टिक. नवरदेवा, तुला अजून कळलं न्हाय? ती हळद होती का कारण? एकवीस दिवसांची जखम, कोरडी, मिटलेली, खपलीसुद्धा पडून गेलेली — बंद कातडीवरून हळद आत जात न्हाय. ओतलीस घमेलंभर तरी न्हाय जात. सुई जाते. सुई कातडीवरचा जंतू घेऊन सरळ आत जाते, साठलेल्या रक्तात, डबीच्या अंगावर, जिथं त्याला कोणी मारू शकत न्हाय तिथं नेऊन सोडते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं न्हाय. ऐकलं होतं. मला वाटलं, ते बाकीच्यांसाठी सांगतात.

हां. मला वाटलं.

कंपाउंडरचा पत्ता पाहिजे ना तुला? लिहून घे. धामणकर नाका, सुताच्या दुकानाच्या वर, दुसरा माळा, ड्रेसिंग रूम. बसलाय तुझ्यासमोर. कंपाउंडर-बिंपाउंडर कोणी नव्हता. मीच.

रघू म्हणाला, गोदू, तीस वर्षं तू भिवंडीचा पू काढतेस नि माझं एवढं पाणी तुला काढता येत न्हाय? आणि मी फुशारले. तो कालचा पोरगा डॉक्टर मला सांगतो, सुई लावू देऊ नका — म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी सुया लावतेय. इथूनच सिरिंज नेली, मोठी, नवीन पाकीट फोडून. कोनच्या घरी, ओटीवर, दुपारच्याला. स्पिरिटनं पुसलं, दोनदा पुसलं — सगळं बरोबर केलं मी. सुई आत गेली की आधी सैल लागतं, आणि मग टोक डबीला टेकतं, बारीक, दाताला खडा लागतो तेवढंच, पण हाताला कळतं. ते अजून कळतं मला. भाजी चिरताना कळतं. आणि कमळानं वाटी धरली होती, स्टीलची, रक्त घ्यायला. तिचा हात हलत नव्हता. रघूनं डोळे मिटलेले, आणि ती त्याला म्हणतेय, झालंच, बाय काढतायत ना, बायचा हात हलका हाय.

आणि ती डॉक्टरीणबाई विचारत होती ना, ती माझ्याशीच बोलत होती. रघूच्या खाटेजवळ, सगळ्यांसमोर. मी म्हटलं होतं मी मेडिकल लाइनमध्ये हाय, म्हणून मला बाजूला घेऊन न्हाय, समोरच, बरोबरीच्यासारखं विचारलं तिनं — सूज आल्यावर कोणी सुईनं काढलं होतं का? रघूनं तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले. न्हाय म्हटलं. आणि नुसतं न्हाय म्हणून गप्प बसले असते तरी चाललं असतं, कोणी विचारलं होतं का पुढचं? पण मी म्हटलं, हळद लागली त्याला, बायकोनं लावली. बोटानं दाखवली मी तिला. दारात उभी होती, पिशवीत त्याची भाताची पेज घेऊन. तिनं माझ्याकडे बघितलं. एवढंच. डॉक्टरीणबाई गेल्यावर मी रघूला समजावलं, सुईचं बोललो असतो तर त्यांनी उलट आपल्यालाच झापलं असतं, आणि माझी सुई स्वच्छ होती, हे हळदीचंच हाय. त्याला पटलं. तीस वर्षांचा अनुभव असलेली बहीण सांगतेय म्हटल्यावर पटणारच. माझी नोकरी राहिली, नाव राहिलं. नर्सिंग होमला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला, आणि मग मी कोण? पट्ट्या बांधणारी म्हातारी.

पण रघूनं ते धरून ठेवलं ना. बाप्यांना एक कारण मिळालं की सुटत न्हाय. जेवताना, पाहुण्यांसमोर, बारशाला, बाराव्याला — हिनं मला मारला होता, हिच्या हळदीनं. हसत हसत म्हणायचा आधी. मग हसणं गेलं. हळदीचा वास आला तरी ताट सरकवायचा. ती कालवण बिनहळदीचं करायला लागली. बघितलंयस कधी मासळीचं पांढरं कालवण? मी गेले की माझ्याही ताटात तेच. आणि कमळा साधी बाई नव्हती, रे. धवलारीण होती. लग्नाचे धवले म्हणायला कोनपासून कल्याणपर्यंत तिला न्यायला गाडी यायची, ती बसल्याशिवाय हळद वाटायला घेत नसत बायका. ती मांडवात जायची बंद झाली. बोलवायला आलं कोणी तर म्हणायची, नको, माझा हात लागलेला बरा न्हाय. कोणी म्हटलं नव्हतं तिला तसं. तिचं तीच म्हणायची. दोन वर्षं झाली, रघूशी एकदा वाजलं नि गेली ती माहेरी, भावाकडे. साठीची बाई, भावाच्या पडवीत राहते. आणि मला काय वाटायचं सांगू? खरं सांगते. मला राग यायचा तिचा. असली कसली बाई, जिला तोंड न्हाय. वाटी धरलीस ना, बघितलंस ना सगळं, मग बोल की. चारचौघांत बोल, गोदूबायनं सुई घातली. मी वाट बघायचे. ती घरात होती तोवर प्रत्येक कार्याला, प्रत्येक भाऊबीजेला, ती समोर आली की मला वाटायचं — आज काढते विषय, आज काढते. न्हाय काढला तिनं. मनात ठेवून बसलीय, आतल्या गाठीची, असंच म्हणत आले मी. म्हणून तोंड फिरवते तिला बघितलं की.

असा काय बघतोस? पाणी पाहिजे का? त्या माठात हाय.

काय झालं तुला? — कमळा म्हटलं मी, हो. कशेळीचीच. तुमच्या आळीतली असेल, ओळखत असशील, कशेळी काय मुंबई हाय? पण बाहेर बोललास ना —

कोण?

कोणी पाठवलं म्हणालास?

थांब. मघाशी मी नको म्हटलं, आता सांग. नीट सांग. तुझी आई तिला हळदीला बोलवायला गेली. ती न्हाय म्हणाली. ते बरोबर, ती न्हायच म्हणते. मग तुझ्या आईनं बाबांच्या सुजेचं सांगितलं. आणि ती म्हणाली — काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग. तुझे घालू नको मध्ये.

'आमच्या गोदूबायकडे न्या.'

पुढं.

'ह्यांचं पाणी तिनंच काढलं होतं. वाटी मी धरली होती. कळलंसुद्धा न्हाय ह्यांना, इतका हलका हात. बरं झाले होते हे. मग मीच हळद लावली नि नासवलं.'

असं म्हणाली. नासवलं म्हणाली.

हसून म्हणाली की कशी? — साधंच. साधंच म्हणाली.

मूर्ख बाई. अडाणी. वाटी हातात होती तिच्या, सुई समोर जाताना बघितली, मी दवाखान्यात न्हाय म्हटलेलं कानांनी ऐकलं, आणि तिला वाटतं — काय वाटत असेल तिला? मी नोकरीपायी लपवलं एवढंच वाटत असेल. बाय कशाला उगाच अडकतील. म्हणून गप्प. मनात काही ठेवलंच नव्हतं तिनं. मी जे म्हटलं ते खरं धरून बसली. आणि मी सहा वर्षं —

ऊठ. ऊठ, उशीर होतोय. बापाला घे, रिक्षा फिरव, पुलावरून सरळ मुंबई, आजच. घरी थांबायचं न्हाय, जॅकेट बघायला न्हाय, आत्याला विचारायला न्हाय. मशीनीचं कार्ड दिलंय ना त्यांनी, ते खिशात ठेव. शेकायचं न्हाय, दाबायचं न्हाय, मेडिकलमधून गोळी घ्यायची न्हाय. नुसतं रक्त साठलेलं असेल, ते बघतील नि परत पाठवतील, परवा बाप तुझा खुर्चीत बसून हळद बघेल, सूज घेऊन बघेल, कोणी मरत न्हाय जॅकेट न घातल्यानं. आणि ठेवून घेतलं तर हळद त्याच्याशिवाय होईल. डॉक्टर विचारतील, सुई लावली का कोणी. तू न्हाय म्हण. तुझं ते खरं असेल.

थांब.

ह्या खोलीत ऐकलेलं ह्या खोलीतच ठेवायचं, कळलं ना? एक अक्षर जर कशेळीत — न्हाय. ऐक. तिला सांग. कमळाला. आई परत जाईल ना बोलवायला, तर तूच जा, नवरदेव आला म्हटल्यावर तिला न्हाय म्हणता येणार न्हाय. तिला बसव मांडवात. तिच्या हातानं लावून घे हळद. ती म्हणेल नको, माझा हात बरा न्हाय, तर तिला सांग, गोदूबायनं निरोप दिलाय. बंद कातडीवरून हळद आत जात न्हाय. एवढंच सांग. असंच सांग, ह्याच शब्दांत.

मग विचारेल ती. आता अगदीच काही खुळी न्हाय ती. म्हणेल, हळद जात न्हाय, मग काय गेलं होतं आत?

विचारलं तर —

दार ओढून घे जाताना.